मैला, सूक्ष्मदर्शक आणि जात

आपल्याकडे वैद्यकाचा इतिहास सांगताना नाडीचा उल्लेख होतो, रक्ताचा होतो, अलीकडे जनुकांचाही होतो; विष्ठेचा होत नाही. वस्तुतः या देशातील कष्टकऱ्यांच्या शरीराची खरी हकीकत ज्या पदार्थाने सांगितली, तो पदार्थ हाच आहे. मी चौतीस वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काढली. काही सातारा जिल्ह्यात, उरलेली सांगली जिल्ह्यात. त्यातील निम्म्याहून अधिक काळ माझ्या टेबलावर शौच-तपासणीचे नमुने होते. ते माझ्याच टेबलावर का होते, हा या लेखाचा एक भाग आहे. त्या नमुन्यांत काय होते, हा दुसरा. हे दोन भाग वेगळे करता येतील असे मला नोकरीच्या सुरुवातीला वाटत असे. आज तसे वाटत नाही.

माझे वडील कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. तेव्हा पाटीचे संडास होते. घराच्या मागच्या बोळातून जायचे, खालची झडप उघडायची, मैला खरडून पाटीत घ्यायचा आणि पाटी डोक्यावर. पावसाळ्यात पाटी गळे. गावाबाहेरच्या खड्ड्यांत तो मैला कचऱ्याबरोबर कुजवला जाई आणि त्याचे खत शेतकरी विकत नेत. या खताला मराठीत सोनखत म्हणतात. भाषेनेही किती नेमकी वाटणी केली आहे पाहा: विकत घेणाऱ्यासाठी ते सोने आणि वाहणाऱ्यासाठी विटाळ! मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली, डोक्यावरून मैला वाहणे थांबवून हातगाड्या द्याव्यात असे तिने १९५२ साली सुचवले. केंद्राने १९५७ साली मलकानी समिती नेमली. कायदा मात्र १९९३ साली आला, आणि तो पुरेसा नाही म्हणून पुन्हा २०१३ साली. समितीपासून कायद्यापर्यंत जी चाळीस वर्षे गेली, त्यात माझ्या वडिलांची सगळी नोकरी येते.

मी शिकलो आणि प्रयोगशाळेत लागलो. वस्तीला वाटले, पाटी सुटली. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी कामाची वाटणी सांगितली. रक्त एकाकडे, लघवी एकाकडे, थुंकी एकाकडे आणि शौच माझ्याकडे. "तुम्हाला सवय असेल," असे कोणी म्हणाले नाही. म्हणण्याची गरज नव्हती. पाळ्या दर महिन्याला बदलायच्या असा नियम भिंतीवर लावलेला होता आणि इतरांच्या पाळ्या बदलतही होत्या.

आता या कामाचा इतिहास थोडा मागून घेतला पाहिजे.

मिलानमध्ये १८३८ साली आंजेलो दुबिनी या इटालियन डॉक्टरला एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनात आतड्याला चिकटलेला एक बारीक कृमी दिसला. हाच अंकुशकृमी; आपण त्याला हुकवर्म म्हणतो. लांबी सेंटिमीटरभर. पुढे चाळीस वर्षे तो असाच, मेलेल्या माणसात सापडत राहिला. जिवंत माणसात तो आहे की नाही हे ओळखण्याचा मार्ग १८७८ साली इटलीतच ग्रासी आणि पारोना बंधूंनी दाखवला: रोग्याची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली घ्या आणि अंडी शोधा. पुढच्या दोन वर्षांत त्याची कसोटी लागली ती आल्प्समधील गॉटहार्ड बोगद्यावर. हा रेल्वेचा बोगदा खोदणारे इटालियन मजूर पांढरेफटक पडून मरू लागले होते. तुरीनच्या पेरोनचितो यांनी त्यांच्या विष्ठेत अंडी दाखवली. उबदार, ओला, अंधारा बोगदा, त्यातच शौच आणि त्यातच काम. कृमीला याहून चांगली जागा हवी होती कशाला? म्हणजे शौच-तपासणीचा इतिहास सुरू होतो तो मजुरांच्या कामाच्या जागेपासून, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

कृमी शरीरात शिरतो कुठून, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. तोंडावाटे, असा सर्वांचा समज. इजिप्तमध्ये काम करणारे जर्मन संशोधक आर्थर लोस यांच्या हातावर प्रयोग करताना अळ्यांचे पाणी सांडले. कातडीला आग झाली, खाज सुटली. काही आठवड्यांनी त्यांना स्वतःच्याच विष्ठेत अंडी सापडली. १८९८ साली त्यांनी ते जाहीर केले: अळी कातडीतून शिरते. शास्त्रज्ञाच्या हातावर ती चुकून सांडली. आमच्या माणसांच्या पायावर ती पिढ्यान्‌पिढ्या नेमाने सांडत आली आहे.

कारण कातडी म्हणजे कोणती? मुख्यतः तळपाय आणि बोटांच्या बेचकी. माणूस उघड्यावर बसतो, ओलसर सावलीच्या मातीत अंडी फुटतात, आठ-दहा दिवसांत अळी तयार होते आणि अनवाणी पायाची वाट पाहत राहते. पाय खाजतात; आपल्याकडे त्या चिखल्याच समजून मेंदी नाहीतर तेल लावतात. अळी रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात जाते. तिथे ती रक्त पिते. अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल या जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. पोटात असे शंभर असले तर रोज पंधरा-वीस मिलिलिटर, आणि असे वर्षानुवर्षे. वरून लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि खालून गळती चालू, असा हा हिशेब आहे.

आता प्रश्न असा की अनवाणी कोण होते? चपलेला पैसे नव्हते हे खरेच. पण चप्पल असूनही सवर्णांच्या आळीतून जाताना ती हातात घेण्याची सक्ती ज्यांच्यावर होती, ते कोण? वाचकांना उत्तर सांगण्याची गरज नाही. अंकुशकृमीला जात कळत नाही, असे माझे एक डॉक्टर मित्र नेहमी म्हणत. बरोबर आहे. जात जमिनीवर आखलेली असते आणि कृमी जमिनीतच राहतो, एवढेच मी त्यांना सांगत असे.

आज सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आहेत. १९४९ पूर्वी इंग्रजी अमलातला हा मुलूख एकच सातारा जिल्हा होता. त्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. मिरज, सांगली ही संस्थाने निराळी. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय आणि १८९७ साली वैद्यक शाळा काढली. आमच्या मुलखात आधुनिक वैद्यक आले ते मुख्यतः या वाटेने. पण रुग्णालय एका जागी असते, माती सगळीकडे. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळा: धो धो पाऊस आणि भातखाचरे. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत: उन्हाने भाजलेली माती, तिथे अळी तग धरत नाही. मधे कृष्णा आणि तिचे पाटाचे पाणी. ऊस आला तशी त्या पाण्याने वर्षभर ओल आणि सावली दिली. उसाच्या फडाने शेतकऱ्याला पैसा दिला, साखर कारखान्याला पुढारी दिले आणि फडात राबणाऱ्याच्या तळपायाला काय दिले, ते मी काचेवर पाहिले आहे.

पूर्वभागाला माती कोरडी म्हणून सुटका होती असेही नाही. तिथे पाण्याचा प्रश्न होता. कृमींची आणि अमिबांची दुसरी वाट तोंडाची. पू. बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले, हे आपण जाणतो. १९०१ साली ते आणि त्यांची भावंडे वडिलांना भेटायला निघाली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले महारांची आहेत हे कळताच कोणी बैलगाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले. वाटेत जेवायला बसली तेव्हा पाण्याची वेळ आली. नदीच्या पात्रात एक डबके होते, आणि त्यात चिखल, गुराढोरांचे मूत आणि शेण. मुलांनी तसेच अर्धपोटी उठावे लागले. हा प्रसंग आपण अपमानाचा म्हणून वाचतो, आणि तो आहेच. मी प्रयोगशाळेतला माणूस म्हणून त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. चांगले पाणी गावात होते. डबके कोणाच्या वाट्याला, हे आधीच ठरलेले होते. नऊ वर्षांच्या मुलाने त्या दिवशी ते पाणी टाळले. दुसरे पाणीच ज्यांना मिळत नव्हते त्यांनी काय केले असेल? आणि पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याला आपल्या माणसांचे हात लागले तेव्हा सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते शुद्ध केले. पंचगव्यात शेण आणि गोमूत्र असते, हे मला कोणत्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय माहीत आहे.

अमेरिकेत १९०२ च्या सुमाराला चार्ल्स स्टाइल्स यांनी दक्षिणेकडील गरिबांत अंकुशकृमी मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला आळशीपणाचा जंतू म्हटले. रॉकफेलरने १९०९ साली त्यासाठी आयोग काढला, आणि त्याच्या प्रतिष्ठानाची मोहीम १९२० च्या दशकात मद्रास इलाख्यातही आली. मजूर थकला की मळ्याचे उत्पन्न घटते, हे भांडवलाला लवकर कळले. यात उपकाराचा भाग किती आणि हिशेबाचा किती, याचा निवाडा वाचकांनी करावा. पण निदान तिथे 'आळशी' या शिवीचे 'आजारी' असे भाषांतर तरी झाले. आपल्याकडे ते व्हायचे राहिले. दम लागून बांधावर बसलेल्या बाईला मुकादम कामचुकार म्हणतो. ती चुलीची माती खाते म्हणून सासू मारते. माती खाण्याची वासना हे रक्त कमी झाल्याचे लक्षण असते, हे मी अनेक सासवांना सांगितले आहे, एकदोघींनी ऐकले.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येतो. माझ्या सुरुवातीच्या काळात रोगी नमुना आणायचा तो काड्यापेटीत. सगळ्यात जुनी आणि झटपट रीत म्हणजे काचेवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब, शेजारी आयोडीनचा एक थेंब, दोन्हींत काडीच्या टोकाएवढा नमुना कालवायचा, वरून पातळ काच ठेवायची आणि पाहायचे. पाच मिनिटांचे काम. पण काडीच्या टोकावर येतो तो जेमतेम दोन मिलिग्रॅम मैला; अंडी थोडी असली तर निसटतात. म्हणून १९२१ साली विलिसने संपृक्त मिठाच्या पाण्यात नमुना कालवून अंडी वर तरंगवण्याची युक्ती काढली. मीठ आणि नळी एवढ्यावर चालणारी ही रीत मला फार प्रिय होती. गरिबांचे शास्त्र असावे तर असे.

खरा बदल आला जपानमधून. युद्धानंतरच्या जपानमध्येही शेताला सोनखतच जाई आणि पोरांची पोटे जंतांनी भरलेली असत. काटो आणि मिउरा यांनी १९५४ साली जाड लेपाची पद्धत मांडली आणि ब्राझीलमध्ये कात्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली तिला माप दिले. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी, तिला सहा मिलिमीटरचे भोक. त्यात मैला भरला की तो ४१.७ मिलिग्रॅम भरतो. वरून ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा हिरवट तुकडा दाबायचा. ग्लिसरीनने मैला पारदर्शक होतो आणि अंडी दिसू लागतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की एका ग्रॅममागे अंडी किती ते कळते. दोन माणसे दिवसात एक आख्खी वस्ती तपासू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत स्वीकारली आणि आजही गावोगावच्या पाहण्या तिच्यावरच चालतात.

या पद्धतीत एक मेख आहे. जंताचे अंडे जाड कवचाचे. ते काचेवर तासन्‌तास टिकते. अंकुशकृमीचे अंडे नाजूक. ज्या ग्लिसरीनने ते दिसते, त्याच ग्लिसरीनने ते थोड्या वेळात विरघळल्यासारखे नाहीसे होते. काच लावल्यापासून अर्ध्या ते एका तासाच्या आत ती वाचली पाहिजे. झटपट तपासणी म्हणतात ती इथे सोय म्हणून नाही, अट म्हणून आहे.

ऐंशीच्या दशकात कृष्णाकाठच्या एका गावात पाहणीचे शिबिर होते. कोणत्या खात्याचे ते सांगत नाही. मी मदतनीस म्हणून गेलो होतो. सगळे नमुने सकाळी आले, सगळ्या काचा सकाळीच लावून झाल्या. काचा वाचण्याचे काम वरिष्ठांचे. गावातल्या काचांचे ताट आधी उचलले गेले. नंतर जेवण झाले. सरपंचांकडे चहा झाला. आमच्या लोकांच्या काचांचे ताट चार वाजता सूक्ष्मदर्शकाखाली आले, तेही नाक मुरडत. निष्कर्ष असा निघाला की गावात अंकुशकृमी आहे, दलित वस्तीत जंत भरपूर आहेत, पण अंकुशकृमी नाही. एक डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी राहून यांची कातडी घट्ट झाली असणार." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या एका वाक्यात वर्णव्यवस्थेचे सगळे शरीरशास्त्र आले.

मी त्या रात्री वस्तीतच मुक्काम केला. सकाळी पुन्हा नमुने मागितले. लोक हसले, एका म्हातारीने विचारले, "लेका, शिकूनसवरून ह्येच गोळा करतुयास व्हय?" मी म्हटले, "आज्जी, बाबा वाहायचे, मी वाचतो." तिला ते पटले की नाही कळले नाही, पण तिने नमुना दिला. मी एकेक काच लावली आणि अर्ध्या तासाने एकेक वाचली. पहिल्याच काचेवर पातळ कवचाची, आत चार-चार पेशी धरलेली ती अंडी होती. पुढच्या काचेवरही होती. मी वरिष्ठांना बोलावले. त्यांनी पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "कालच्या नोंदी साहेबांकडे गेल्या आहेत." अहवाल तसाच गेला. गोळ्यांचे वाटप त्या अहवालावर झाले. गाव तरले, वस्ती राहिली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी आमच्या लोकांचा मैला शेवटी ठेवला, एवढेच केले. पण कोणाचे ताट आधी उचलायचे, हे ठरवताना कोणालाही क्षणभर विचार करावा लागला नव्हता, हे मी पाहिले आहे.

या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अप्रामाणिक ठरेन. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्याने आमच्या दोन्ही जिल्ह्यांत खरोखर फरक पडला. माझ्या टेबलावरच्या काचांतही तो दिसत गेला. पण पहाटे गुड मॉर्निंग पथके निघत, तेव्हा टमरेल घेऊन पकडली जाणारी माणसे बहुधा ती असत ज्यांच्या झोपडीखालची जमीन त्यांच्या नावावर नव्हती. संडास बांधायचा कोठे?

आणि आज? २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी, न तपासता. तपासणीला गोळीपेक्षा जास्त खर्च येतो, तेव्हा सरसकट गोळी देणे शहाणपणाचेच आहे. तंत्रज्ञ असूनही मी त्याला विरोध करणार नाही. मात्र जंत मुलांत अधिक असतात आणि अंकुशकृमीचा भार वयाबरोबर वाढत मोठ्या माणसांत जातो, हे शास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे फडात उतरणारी आई शाळेच्या दारात लेकराला गोळी देऊन येते आणि तिच्या पोटात जे आहे त्याला त्या मोहिमेत जागा नाही. अमिबा, जिआर्डिया यांच्यासाठी आता पट्टीवरच्या चाचण्या निघाल्या आहेत; दहा-पंधरा मिनिटांत रेघ उमटते, मैला पाहावाही लागत नाही. त्यांचे मी स्वागत करतो. सूक्ष्मदर्शकाखाली रोगकारक अमिबा आणि त्याच्यासारखाच दिसणारा निरुपद्रवी अमिबा यांत फरक करता येत नाही. अशा कितीतरी निरोगी माणसांना आम्ही अमिबा म्हणून औषधे घ्यायला लावली, हे कबूल केले पाहिजे. पण अंकुशकृमीसाठी अजून काच, सेलोफेन आणि ती वाचायला बसणारा माणूसच लागतो.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना एकच गोष्ट सांगतो. तुमच्या वस्तीत शौच-तपासणीचे पथक आले तर भाषण करू नका, हारतुरे देऊ नका. ताटाजवळ जाऊन उभे राहा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर ती कधी लावली ती वेळ पेन्सिलीने लिहिली आहे का, पाहा. नसेल तर लिहायला सांगा. आणि तुमच्या मनगटावरचे घड्याळ त्यांना दिसेल असे धरा.